क्लासिक, क्लासिकल आणि अभिजात

इंग्रजीत दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे जे शब्द आहेत, त्यांच्याकडे आपण बहुधा शाळकरी दृष्टीने पाहत आलो आहोत. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’, ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’, ‘सेन्शुअस’ आणि ‘सेन्शुअल’ अशा जोड्या व्याकरणाच्या पुस्तकात कुठेतरी शेवटी येतात. विद्यार्थी त्या पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने या जोड्यांचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. त्यांतील दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेले असतात, काही काळ ते एकमेकांच्या जागी सुखाने वावरलेले असतात आणि मग एखाद्या वादाच्या किंवा गरजेच्या रेट्याने विभक्त झालेले असतात. मराठी समीक्षेने असे शब्द घेतले ते ही विभागणी पूर्ण झाल्यानंतर. त्यामागचा वाद आपल्यापर्यंत पोचला नाही, आणि पुष्कळदा दोन शब्दांसाठी आपण एकच प्रतिशब्द योजला.

‘सेन्शुअस’ हे याचे एक ठळक उदाहरण आहे. ‘सेन्शुअल’ हा शब्द इंग्रजीत आधीपासून होता, परंतु त्याला विषयासक्तीचा वास चिकटला होता. इंद्रियांना जाणवणारे एवढाच निखळ अर्थ सांगण्यासाठी सतराव्या शतकाच्या मध्यास मिल्टनने ‘सेन्शुअस’ हे रूप घडवले. पुढे ते जवळजवळ विस्मृतीत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलरिजने ते मुद्दाम पुन्हा चलनात आणले. म्हणजे एका प्युरिटन कवीला आणि एका तत्त्वचिंतक समीक्षकाला इंद्रियसंवेदनेची बाजू मांडताना जी अडचण आली, तिच्यातून हा शब्द जन्मला. मराठीत आपण ‘ऐंद्रिय’ म्हणतो आणि हा सगळा झगडा त्या एका विशेषणात गाडला जातो. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्या कवितेतील संवेदनांची बाजू घेणाऱ्याला असा घडवलेला, वादातून तावूनसुलाखून निघालेला शब्द हाताशी नव्हता. अर्थात खटले शब्दांच्या अभावी उभे राहत नाहीत, हेही खरे आहे.

प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो अशाच दुसऱ्या एका जोडीचा. ‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’ या दोन शब्दांसाठी मराठीत ‘अभिजात’ हा एकच शब्द रूढ झाला. जोवर या शब्दाचा वावर समीक्षेच्या पानांपुरता होता, तोवर त्यातील संदिग्धतेने कोणाचे फारसे बिघडले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि हा शब्द घरोघरी गेला. त्या निर्णयाचे वर्णन ‘ऐतिहासिक’ असेही झाले. तिथेही ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांतला भेद आपल्या विशेषणात मावलेला नाही. पण ती बाब निरुपद्रवी आहे. ‘अभिजात’च्या बाबतीत जी सरमिसळ झाली आहे, तिच्यावर आपल्या भाषेच्या इतिहासाविषयीचे सगळे प्रतिपादन उभे आहे.

आधी मूळ शब्दाकडे वळू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलिअस या रोमन लेखकाने आपल्या टिपणांच्या संग्रहात एक प्रसंग नोंदवला आहे. ‘वाळू’ या अर्थाचा लॅटिन शब्द अनेकवचनात वापरावा की नाही, असा प्रश्न निघाला असता मार्कस ऑरेलिअसचा गुरू फ्रॉन्टो याने सांगितले की, जुन्या वक्त्यांत वा कवींत कोणी ‘क्लासिकुस’, म्हणजे पहिल्या वर्गातला आणि भरवशाचा लेखक असे रूप वापरतो का ते पाहा. ‘प्रोलेतारिउस’ लेखकाकडे पाहू नका. हे दोन्ही शब्द करआकारणीच्या परिभाषेतले आहेत. रोमन नागरिकांची संपत्तीनुसार वर्गवारी होत असे. गेलिअसनेच अन्यत्र दिलेल्या माहितीनुसार १,२५,००० आस किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्यांनाच ‘क्लासिकी’ म्हणत. बाकीचे सारे ‘वर्गाखालचे’. ज्यांच्याजवळ राज्याला देण्यासाठी संततीखेरीज काही नाही, ते ‘प्रोलेतारिउस’. साहित्यातील श्रेष्ठत्वाचा पाश्चात्त्य परंपरेतला हा सर्वांत प्रतिष्ठित शब्द महसूल खात्यातून आलेला आहे, याची आठवण एर्न्स्ट रॉबर्ट कुर्टिउसने लॅटिन मध्ययुगावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात करून दिली आहे.

मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या बोलीत ‘एकदम क्लास’ असे आपण जेवणाला, गाण्याला, क्रिकेटच्या फटक्याला म्हणतो, तेव्हा गेलिअसचा मूळ अर्थच आपल्या तोंडी असतो. ‘क्लास’चा शाळेशी जोडलेला अर्थही आपल्याकडे आहेच, आणि ‘वर्ग’ हा आपला शब्द तर समाजातील स्तर आणि शाळेतील खोली या दोहोंना लागू पडतो. युरोपातही असेच झाले: वर्गात शिकवले जातात ते लेखक ‘क्लासिक’ अशी समजूत मागाहून रुजली. शाळांतून शिकवले जात होते ते प्रामुख्याने लॅटिन आणि ग्रीक लेखक. त्यामुळे ‘पहिल्या प्रतीचा’ आणि ‘प्राचीन ग्रीक-रोमन’ हे दोन अर्थ एकाच शब्दात राहू लागले.

इंग्रजीत हे सहअस्तित्व बराच काळ टिकले. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘क्लासिकल’ आणि ‘क्लासिक’ यांची नोंद एकत्रच आहे, आणि तिथे प्राचीन लेखकांशी संबंधित व प्रथम श्रेणीचा असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. जॉन्सनच्या वाचकाला त्यांत विसंगती जाणवण्याचे कारण नव्हते, कारण प्रथम श्रेणीचे लेखक म्हणजे प्राचीनच, अशी त्याची धारणा होती. ही धारणा ढळू लागली तशी शब्दांची वाटणी सुरू झाली. जर्मन समीक्षकांनी ‘क्लासिकल’ आणि ‘रोमँटिक’ अशी कालांची व प्रवृत्तींची विभागणी केली, तेव्हा ‘क्लासिकल’ हे एका विशिष्ट युगाचे आणि शैलीचे वर्णन झाले. त्यात प्रशंसा असेलच असे नाही. उलट, आधुनिक भाषांतही श्रेष्ठ कृती निर्माण झाल्या आहेत असे म्हणायचे तर त्यासाठी युगाशी न जखडलेला शब्द हवा होता. ‘क्लासिक’कडे ते काम गेले. १८५० मध्ये सँत-बव्हने क्लासिक म्हणजे काय हा प्रश्न विचारला, तो ही सोडवणूक करण्यासाठीच. १९४४ मध्ये व्हर्जिल सोसायटीपुढे टी. एस. एलियटने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मनाची, रीतिभातींची व भाषेची परिपक्वता ही कसोटी लावून इंग्रजीला पूर्णार्थाने क्लासिक कवी लाभलेला नाही, असा निष्कर्ष काढला. एलियटच्या भूमिकेत साम्राज्याविषयीची एक ओढ दडलेली आहे, ती मान्य करण्याचे कारण नाही. पण त्याचा निष्कर्ष इंग्रजांना अपमानकारक वाटला नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

मराठीत या संकल्पना आल्या त्या तुकड्यातुकड्यांनी. संगीताच्या क्षेत्रात ‘क्लासिकल’साठी ‘शास्त्रीय’ हा शब्द बसला. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढून या संगीताला विद्यालयीन शिस्त देणारे विष्णु दिगंबर पलुसकर अखेरच्या वर्षांत नाशिकला पंचवटीत रामनामात रमले; ‘शास्त्रीय’ आणि ‘भक्तिपर’ यांच्यामधली रेषा किती पातळ आहे याचा तो एक दाखलाच. साहित्यात ‘शास्त्रीय’ चालण्यासारखा नव्हता, कारण मराठीत त्याचा पहिला अर्थ ‘विज्ञानाला धरून असलेले’ असा होतो. हिंदीने ‘शास्त्रीय भाषा’ असा प्रयोग केला आहे. मराठीत तो केला असता तर मराठी ही वैज्ञानिक भाषा ठरल्याचा समज झाला असता. कालजयी कृतींसाठी आपल्याकडे ‘अक्षर वाङ्मय’ असा फार सुरेख प्रयोग आहे. ‘क्लासिक’चा तो खरा प्रतिशब्द होऊ शकला असता, परंतु त्याच्यापासून विशेषणे आणि वाद घडवता येईनात. ‘अभिजात’पासून ‘अभिजातता’, ‘अभिजातवाद’, ‘नवअभिजातवाद’ अशी सगळी परिभाषा सहज निघाली. पारिभाषिक शब्द पुष्कळदा अर्थापेक्षा अशा सोयीने टिकतात.

‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. ‘क्लासिकुस’ या मूळ शब्दाच्या तो आश्चर्यकारकरीत्या जवळ जातो. फरक इतकाच की रोमन माणसाने श्रेष्ठत्व मालमत्तेवरून मोजले आणि आपण कुळावरून. संस्कृतात या शब्दाचा वापर अधिक तटस्थही आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपदा घेऊन जन्मलेल्यासाठी हे पद येते, तसेच आसुरी संपदा घेऊन जन्मलेल्यासाठीही येते. मराठीत ही तटस्थता उरली नाही. शब्द स्तुतिवाचक झाला आणि स्तुतिवाचक असतानाच तो एका प्रशासकीय वर्गवारीचे नाव बनला.

ती वर्गवारी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. २००० मध्ये जॉर्ज हार्ट या अभ्यासकाने तमिळ ही क्लासिकल भाषा का मानावी याचे निवेदन लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर लॅटिन, ग्रीक, संस्कृत या भाषांचे नमुने होते. २००४ मध्ये तमिळला शासकीय दर्जा मिळाला. आरंभी सहस्र वर्षांच्या प्राचीनतेची अट होती. २००५ मध्ये ती १५०० ते २००० वर्षे अशी वाढवण्यात आली. त्यानंतर संस्कृत, तेलुगू, कन्नड, मलयाळम आणि ओडिया या भाषांना २०१४ पर्यंत हा दर्जा मिळत गेला. निकषांत प्राचीनतेबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या मौल्यवान वारसा मानले गेलेले वाङ्मय असावे, अशी अट आहे. पहिली अट ‘क्लासिकल’ची आहे, दुसरी ‘क्लासिक’ची. म्हणजे इंग्रजीने दीडशे वर्षे खपून जे दोन अर्थ वेगळे केले, ते आपल्या शासकीय निकषांनी पुन्हा एकत्र बांधले. शेवटचा निकष तर अधिकच विचारात पाडणारा आहे: क्लासिकल भाषा आणि तिचे आधुनिक रूप वेगळे असावे, त्यांच्यात खंडही असू शकेल. २०२४ मध्ये निकष बदलले, तेव्हा साहित्यपरंपरा मूळची असावी, दुसऱ्या भाषकसमूहाकडून उसनी घेतलेली नसावी, ही अट गेली आणि ज्ञानपर गद्यग्रंथ व कोरीव लेख यांचा पुरावा तिच्या जागी आला.

मराठीच्या बाजूने २०१२ मध्ये रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये पूर्ण झाला. समितीच्या प्रतिपादनाचा गाभा असा की महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश आणि मराठी ही एकाच भाषेची क्रमिक रूपे आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा कुसुमाग्रजांचे नाव दिलेल्या त्या नगरीत अभिजात मराठीचे एक दालनही उभारण्यात आले होते. संमेलनाला आलेल्या रसिकाला पुरावा पाहायचा असता तर दालनाबाहेर पडून त्रिरश्मी डोंगराकडे जाणे पुरेसे होते. शहरापासून आठेक किलोमीटरवरील ज्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांच्या भिंतींवर सातवाहन आणि क्षहरात काळातील प्राकृत लेख आहेत. एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ते संपादित केले आणि वा. वि. मिराशींनी त्यांचा मराठीतून परामर्श घेतला.

यांतल्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख घ्यावा. नहपानाचा हा जावई ४२ व्या वर्षी ३००० कार्षापणांची कायम ठेव नोंदवतो. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने; उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहावा: २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही २४०. दगडात कोरलेले हे खातेवहीचे पान आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने अनमोल आहे. ते क्लासिकल युगातले आहे याबद्दल शंका नाही. त्याला क्लासिक मात्र कोणी म्हणणार नाही, आणि उषवदाताचीही तशी अपेक्षा नसावी. उषवदाताचे सर्व लेख निव्वळ प्राकृतात आहेत असेही नाही. त्याच लेण्यातील दुसरा एक लेख संस्कृताने सुरू होतो आणि पुढे प्राकृताकडे घसरतो. भाषांच्या सीमा ज्या काळात अशा पुसट होत्या, त्या काळाचे श्रेय कोणा एका आधुनिक भाषेच्या नावावर लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा.

तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखाने मात्र हा भेद इतका सोपा राहत नाही. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी या राजमातेने लेणे दान दिले आणि आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवली. लांबच लांब समास, अनुप्रास, राम-केशव-अर्जुन-भीमसेनाशी तुलना, नहुष-ययाती-सगरांच्या नावांची माळ. या गद्याकडे गेओर्ग ब्यूलर यांनी १८९० मध्येच लक्ष वेधले. काव्यशैली ही इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत पक्व झालेली होती, हे सिद्ध करताना त्यांनी गिरनारच्या रुद्रदामन्‌-लेखाच्या जोडीला नाशिकचा हाच लेख ठेवला. म्हणजे इथे दरबारी, अलंकृत, स्वतःच्या वाङ्मयीनतेची जाण असलेले प्राकृत गद्य आहे. फ्रॉन्टो रोममध्ये ‘क्लासिकुस’ लेखकाची चर्चा करीत होता त्याच शतकाच्या आगेमागे सह्याद्रीच्या या बाजूला असे लिहिले जात होते, ही गोष्ट मराठी समीक्षेने अधिक मनावर घ्यायला हवी होती. आपण हे लेख पुराव्याच्या फाइलीत ठेवले; त्यांचे वाङ्मय म्हणून वाचन क्वचितच केले.

आता या लेखांच्या भाषेचा मराठीशी संबंध काय? तो आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. ‘लेण’ हा लेखांतला शब्द आपण ‘लेणे’ म्हणून आजही वापरतो. (अलंकार या अर्थाचे ‘लेणे’ निराळे. ‘लेण्याद्रीचे लेणे’ असली कोटी करताना आपणच दोन सदृश शब्दांची गल्लत करीत असतो.) पाण्याच्या टाक्यासाठी लेखांत येणारा ‘पोढी’ हा शब्द सह्याद्रीतल्या वाटांवर अजून कानी पडतो. ‘नासिक’ हे नाव चैत्यगृहाच्या लेखात आहे आणि इकारापूर्वीच्या ‘स’चा ‘श’ करण्याच्या मराठीच्या सवयीनुसार त्याचे ‘नाशिक’ झाले आहे. पण गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या दानलेखात दोनशे निवर्तने जमिनीसाठी जो शब्द येतो तो ‘खेत’ आहे. हिंदीभाषकाला तो लगेच ओळखू येईल. मराठी ‘शेत’ त्या रूपातून येत नाही. त्याच्यामागे ‘छेत्त’ हे प्राकृतातले दुसरे रूप मानावे लागते. संस्कृत ‘क्ष’ची मराठीत झालेली ही वाटचाल झ्यूल ब्लॉख यांनी मराठीच्या घडणीवरील १९२० च्या ग्रंथात तपासली आहे, वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये त्याचा अनुवाद केल्यापासून तो विचार मराठी वाचकाला उपलब्धही आहे. लेखांची प्राकृत ही मराठीची सरळ आजी नसून तिच्या आजोळच्या माणसांपैकी आहे, असे फार तर म्हणता येईल. एवढे नाते मला पुरेसे वाटते. दर्जाच्या अर्जाला ते पुरत नाही.

दुसऱ्या टोकाला ज्ञानेश्वरी. तिचा काळ शके १२१२, म्हणजे १२९०. ज्या निवृत्तिनाथांना ज्ञानदेवांनी गुरू मानले, त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरी, म्हणजे याच नाशिक जिल्ह्यात आहे. ज्ञानेश्वरी ही क्लासिक आहे हे सिद्ध करण्यासाठी कोणत्याही समितीची गरज नाही. सँत-बव्हची, एलियटची, कोणाचीही कसोटी लावा. परंतु १५०० वर्षांच्या अटीत ती बसत नाही. ‘विवेकसिंधु’ बसत नाही, ‘लीळाचरित्रा’चे ते अद्भुत बोलके गद्य बसत नाही, तुकाराम तर नाहीच नाही. मराठीने ज्यांच्यावर प्रेम केले ते सगळे ग्रंथ ‘क्लासिकल’च्या दाराबाहेर उभे राहतात, आणि ज्यांच्या बळावर दार उघडले ते लेख, ती गाथा, मराठी वाचकाला भाषांतराशिवाय वाचता येत नाहीत. ‘गाथासप्तशती’ ही तेवढी दोन्ही अर्थांनी अभिजात म्हणावी अशी कृती आहे. गोदावरीचा काठ तिच्यात वारंवार येतो. दण्डीने महाराष्ट्रीला उत्कृष्ट प्राकृत म्हटले ते अशाच वाङ्मयाकडे पाहून. पण तिचे क्लासिकपण टिकवले कोणी? आनंदवर्धन आणि मम्मट यांनी ध्वनीची उदाहरणे म्हणून तिच्यातील गाथा उचलल्या. काश्मिरी आलंकारिकांच्या संस्कृत ग्रंथांतून ती पंडितांच्या स्मरणात राहिली. मराठीत तिचा सर्वांगीण परिचय स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीने घडवला. पिढ्यान्‌पिढ्या मराठी भाषकांनी जपलेला वारसा, असे तिच्याबद्दल म्हणणे धाडसाचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयात मराठीबरोबर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांनाही दर्जा मिळाला. प्राकृतला स्वतंत्रपणे, त्याच दिवशी. मराठी आणि महाराष्ट्री प्राकृत एकच असतील तर एकाच भाषेला दोनदा दर्जा मिळाला. त्या वेगळ्या असतील तर मराठीच्या प्राचीनतेचा मुख्य पुरावा शेजारच्या भाषेच्या नावावर आहे. या पेचाची चर्चा समीक्षेत फारशी झाली नाही. त्याचे कारण ‘अभिजात’ या शब्दात आहे, असे मला वाटते. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ‘श्रेष्ठ’ असा घेतला आणि श्रेष्ठत्वाच्या घोषणेत पुराव्याची छाननी करणे अरसिकपणाचे ठरले. इंग्रजी शब्दाला खंड मान्य आहे, किंबहुना लॅटिन ही क्लासिकल भाषा आहे ती इटलीत आज कोणी बोलत नाही म्हणूनही. आपला अभिमान मात्र अखंडतेवर उभा आहे.

या शब्दाची आणखी एक बाजू उरते. उषवदाताच्या ठेवीचे व्याज भरणारे विणकर लेखात केवळ श्रेणी म्हणून येतात. बलश्रीच्या प्रशस्तीत चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याबद्दल पुत्राची स्तुती आहे, आणि ती बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर आहे. ‘अभिजात’ आणि ‘अभिजन’ हे शब्दही मराठीत असे शेजारी शेजारी राहतात की समीक्षेत त्यांची अदलाबदल सहज होते. दलित साहित्याने अभिजनांच्या वाङ्मयाविरुद्ध भूमिका घेतली, तेव्हा तिचे वर्णन कित्येकदा अभिजात वाङ्मयाला नकार असे केले गेले. त्या नकारातून जे लिहिले गेले, त्यातील काही कृती आता पन्नास-साठ वर्षे टिकल्या आहेत, अभ्यासक्रमांत आहेत, अन्य भाषांत गेल्या आहेत. बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० मध्ये, त्यांचा जन्म झाला आणि २००८ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले. फ्रॉन्टोच्या वर्गवारीत ते सरळसरळ ‘प्रोलेतारिउस’ लेखक ठरले असते. त्यांचा १९६३ चा कथासंग्रह इंग्रजी समीक्षेत क्लासिक म्हणून उल्लेखला गेला तर कोणाला खटकणार नाही, कारण त्या शब्दातील मालमत्तेची अट तिथे केव्हाच गळून पडली आहे. तोच उल्लेख मराठीत करायचा तर आपल्याला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या पुस्तकाला ‘अभिजात’ म्हणावे लागते.